आप्पांनी उचललेला भंडारा

वसतिगृहातल्या गमतीजमती मी या वार्षिक अंकात यापूर्वी लिहिल्या आहेत. पोरांनी स्वयंपाक्याच्या टोपीत बेडूक कसा ठेवला, निवृत्त ब्रिगेडियर पाहुणे आले तेव्हा त्यांच्या बुटाला शाई कशी फासली, हे वाचून लोक हसले आणि त्यांनी फोन केले. त्या गमती खऱ्याच होत्या. पण त्या लिहिताना दरवेळी एक मुलगा मी हळूच बाजूला ठेवत होतो. त्याच्याशिवाय लिहिता येतं याचं मलाच बरं वाटायचं. यंदा संपादकांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "यंदा गंमत नाही जमणार." ते म्हणाले, "जे जमेल ते द्या." तर हे जमलंय.

मी लष्करात शिक्षण विभागात हवालदार होतो. निवृत्त झाल्यावर साताऱ्यात एका संस्थेच्या वसतिगृहावर रेक्टर म्हणून लागलो. आमच्याकडे सैनिकांची मुलं असत. आई-बाप दोन्ही गेलेली, किंवा बाप गेलेला आणि आईचं दुसरं लग्न झालेलं किंवा तिला एकटीला झेपत नसलेलं. सातारा-सांगलीकडे घराघरातून माणूस फौजेत जातो, त्यामुळे अशी मुलं कमी पडत नाहीत. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण संस्थेच्या बैठकीत मी ते अगदी सहज बोलत असे.

रेक्टर म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगतो. शिकवणं शाळेत होतं, रेक्टरकडे उरतं ते सगळं. पोरांच्या उवा काढणं, ताप मोजणं, जेवताना कोण कुणाचं ताट ओढतो ते बघणं. नवीन आलेलं पोर भाकरीचा तुकडा उशीच्या खोळीत लपवतं. तो फेकायचा नसतो. चार-सहा महिन्यांनी ते आपोआप लपवायचं थांबतं. त्या दिवशी समजायचं, पोर मुक्कामाला आलं. सकाळी गाद्या उन्हात टाकायच्या त्या सगळ्यांच्याच टाकायच्या, नुसती ओली झालेली एकच टाकायची नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, मी शोधलं, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

देणगीदार सांभाळणं हेही रेक्टरचं काम. एक बांधकामवाले शेठ दर वाढदिवसाला पोरांना खेळणी वाटायचे. एका वर्षी त्यांनी प्लास्टिकच्या बंदुका आणल्या. ज्यांचे बाप गोळी लागून गेले त्या पोरांना! मी पोरांना रांगेत उभं केलं, बंदुका घेतल्या, टाळ्या वाजवायला लावल्या. त्या संध्याकाळी अंगणात नुसती ठ्यां ठ्यां चाललेली. एक पोरगं मात्र प्रत्येक वेळी मरायला तयार असायचं. त्याला मरूनच पडायला आवडायचं. ते पोरगं म्हणजे बिरू.

बिरू जत तालुक्यातला, मेंढपाळाचा. आई काविळीनं गेली. बाप सिद्धू पायदळात लान्स नायक होता. बायकोचे दिवस करून तो परत सीमेवर गेला, आणि थोड्याच महिन्यांत त्यानं ठाण्यावर स्वतःचा जीव घेतला. पलटणीची चार माणसं पेटी घेऊन गावात आली. पेटीवर तिरंगा नव्हता. बंदुकांची सलामी झाली नाही. फौजेचा तसा नियम आहे. गावाला नियम माहीत नव्हता, पण झेंडा नाही हे दिसत होतं.

हे सगळं मला पहिल्याच दिवशी बिरूच्या चुलत्यानं सांगितलं. मायाप्पा त्याचं नाव, सगळे आप्पा म्हणत. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी थोरले असतील, पण अंगावर घोंगडं आणि पायात टायरच्या वहाणा बघून मी त्यांना अरे-तुरेच केलं. कार्यालयाच्या दाराशी उकिडवे बसून ते म्हणाले, "सायेब, लपवून ठिवत न्हाई. भावानं माज्या आपल्या हातानं केलं. पोराला ह्यातलं ठावं न्हाई. बाडरवर गेला एवढंच त्येला ठावं हाय. तुमास्नी चालत आसंल तर ठिवा. न्हाईतर आमी नेतो मागारी."

मी म्हणालो, "राहू दे. बाप कसा गेला हे बघून आम्ही पोरं घेत नाही."

ते खरं होतं. पण पोरं आपापसात बघत होती. वसतिगृहातल्या पोरांची एक उतरंड असते. समोरासमोर लढताना गोळी लागलेला बाप सगळ्यात वरचा. मग सुरुंगावर पाय पडलेला. मग बर्फात गाडला गेलेला. जीप उलटून गेलेला अगदी खाली. क्रिकेटमध्ये पहिली फलंदाजी कुणाची इथपासून पोळीवर तूप कुणाला आधी, इथपर्यंत ही उतरंड चालायची. आणि जेवणाच्या दालनात भिंतीवर शहीद बापांचे फोटो होते, त्यामुळे ती रोज ताटासमोर दिसायची. बिरूच्या बापाचा फोटो नव्हता.

"सर, आमच्या बाबांचा फोटू?"

"मोठा करायला टाकलाय सांगलीला."

पहिल्या वर्षी हे चाललं. दुसऱ्या वर्षी एका पोरानं त्याला विचारलं, "बिऱ्या, सांगलीचा फोटूवाला मेला का रं?" सगळे हसले. बिरूची गादी रोज ओली असायची. दहा वर्षांचं झालं तरी.

सुट्ट्या लागल्या की माझी खरी परीक्षा. बाकीच्यांचे मामा-काका न्यायला येत. बिरूचं घर मेंढरांबरोबर फिरत असे. दिवाळीच्या सुमाराला जतकडचे लोक कळप घेऊन कृष्णाकाठाकडं निघतात. उसाच्या मळ्यात मेंढरं बसवायची, रानाला लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. आज कराडला, पुढच्या आठवड्यात इस्लामपूरला. मी बिरूला स्कूटरवर घेऊन रस्त्यानं विचारत जायचो, "जतची मेंढरं कुठं बसलीत?" बिरू मागून ओरडायचा, "सर, थांबा! आमचीच हायती!" लांबून नुसत्या आवाजावरून. आणि मग रानातून आप्पा पळत यायचे, पोराला उचलायचे, कपाळाला भंडारा लावायचे. कमरेच्या पिशवीत बिरोबाचा भंडारा कायम. आमच्या भागातल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भंडारा म्हणजे देवाची हळद. ती हातात घेऊन धनगर माणूस खोटं बोलत नाही. कोर्टात गीतेवर हात ठेवून माणसं काय वाटेल ते बोलतात, हे मी पाहिलं आहे. भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस मी पाहिला नव्हता.

एका प्रजासत्ताक दिनाला इस्लामपूरकडच्या एका कारखान्यावर शहीदपुत्राचा सत्कार ठरला होता. असे सत्कार वर्षभर चालतच. मंडळं, बँका, शाळा, सगळ्यांना व्यासपीठावर एक पोर लागे. शाल, श्रीफळ, भाषण. ज्याला न्यायचं ठरलं होतं त्याला आदल्या दिवशी कांजिण्या आल्या. बाकीचे इतर कार्यक्रमांना वाटून दिलेले. मी बिरूला गणवेश चढवला आणि घेऊन गेलो.

निवेदकानं माझ्याजवळ येऊन विचारलं, "वडील कसे शहीद झाले? दोन वाक्यं द्या."

मी दिली. सीमेवर शत्रूशी झुंजताना, असं म्हणालो. निवेदकानं त्याची वीस वाक्यं केली. शेवटच्या श्वासापर्यंत सिद्धूनं बंदूक सोडली नाही, असं तो म्हणाला, तेव्हा बायका पदराला डोळे पुसत होत्या. बिरू खुर्चीवर ताठ बसला होता. पाय जमिनीला पोचत नव्हते, पण हलत नव्हते. परत आलो तेव्हा वसतिगृहाच्या फाटकात तो स्कूटरवरून उतरला आणि म्हणाला, "सर, माझा बाप गोळीवालाच व्हता की. आन मी उगंच गप बसत हुतो."

त्या आठवड्यापासून बिरूची गादी कोरडी. हे मी स्वतःच्या बाजूनं सांगत नाही, झालं ते सांगतो. तो जेवायला लागला, पहिली फलंदाजी मागायला लागला. गणितात पास झाला. मला वाटलं, औषध सापडलं. मी सांगलीहून खरोखरच फोटो मोठा करून आणला आणि भिंतीवर लावला. आप्पा भेटायला आले तेव्हा ते त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मला म्हणाले, "सायेब, ह्यो हितं बसतोय का?"

"बसतो. तुला काय करायचंय?"

"मला काय न्हाई. पोरगं हसतंय, बास झालं."

महिन्याभरात पाटणकडचा तानाजी नावाचा एक जवान भाच्याला भेटायला आला. जेवणाच्या दालनात शिरला आणि त्या फोटोसमोर टाच जुळवून त्यानं सलाम ठोकला. मला वाटलं, झालं, आता सगळं पक्कं झालं. तो वळून आनंदानं म्हणाला, "सर, आमच्या सिद्धूचा फोटू लावलासा! लय मोठं काम केलं बघा. पलटणीनं तर गड्याला झेंडा बी दिला न्हाई."

ताटांवर पोरं बसलेली. एकानं विचारलं, "का न्हाई दिला झेंडा?"

तानाजीला चूक उमगली. तो गप्प झाला. पण पोरांना गप्प बसण्याचा अर्थ मोठ्या माणसांपेक्षा लवकर कळतो.

मी तानाजीला खोलीत नेलं. तो बिचारा रडकुंडीला आला होता. मग त्यानं मला जे सांगितलं ते मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. सिद्धूची तुकडी गस्तीवर असताना चकमक झाली होती. एक जागेवर गेला, दुसरा जबर जखमी झाला. सिद्धूनं दोघांनाही पाठीवर घेऊन एकामागून एक खाली आणलं. दुसरा निम्म्या वाटेत पाठीवरच गेला. त्यानंतर सिद्धू पाठ टेकून झोपत नसे. बसूनच झोपायचा. त्यात बायको गेली. तानाजी म्हणाला, "सर, त्येला लढाईनंच खाल्ला. त्यांना त्याच दिवशी खाल्लं, ह्येला जरा दमानं खाल्लं. एवढाच फरक. तुमच्या कमिटीला सांगायचं आसंल तर मी येतो. कवा बी बोलवा."

मी म्हणालो, "त्याची गरज पडणार नाही."

गरज आठ दिवसांत पडली. आमच्यातल्याच एका मुलाची आई, वीरपत्नी, रविवारी आल्या आणि त्यांनी आपल्या नवऱ्याचा फोटो भिंतीवरून स्वतः काढला. म्हणाल्या, "माझ्या मालकांच्या शेजारी हा माणूस नको. माझा माणूस लढून गेलाय." मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडं तेवढंच उरलं होतं. तक्रार कमिटीकडं गेली. अध्यक्ष निवृत्त कर्नल होते. सचोटीचा माणूस, पण सचोटी परेडच्या मैदानावर शिकलेली. त्यांनी मला विचारलं, "हा माणूस शहीद आहे, हे संस्थेला कुणी सांगितलं?"

मी म्हणू शकलो असतो, कुणीही नाही, मीच सांगितलं. कारखान्यावरच्या दोन वाक्यांसकट. फार तर नोकरी गेली असती, वसतिगृहातल्या तीन खोल्या सोडाव्या लागल्या असत्या. किंवा तानाजीला बोलावू शकलो असतो. पण तानाजी आला असता तर चौकशी वाढली असती आणि हेही निघालं असतं की, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी म्हणालो, "साहेब, मुलाच्या चुलत्यानं तसं सांगितलं होतं. अडाणी माणूस आहे. मी विश्वास ठेवला."

"त्याला बोलवा."

मी स्कूटर घेऊन आप्पांना शोधायला निघालो. मेंढरं कराडच्या अलीकडं एका मळ्यात बसली होती. आप्पा एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होते. मी त्यांना कोकरासकट बाजूला नेलं आणि पोरगं फोडलेल्या काचेबद्दल मित्राला पढवून ठेवतं तसं पढवलं. कमिटी विचारील, तूच खोटं सांगितलंस का. हो म्हणालास तर पोरगं शाळेत राहील. नाही म्हणालास तर भानगड वाढेल आणि पोराचं काही खरं नाही.

आप्पांनी कोकराच्या तोंडातून बाटली काढली. "म्हंजे मी लबाड बोललो म्हनायचं?"

"हो."

"आन मी तर तुमास्नी पयल्या दिवशीच..."

"ते आता काढू नकोस."

त्यांनी बाटली पुन्हा कोकराच्या तोंडात दिली. म्हणाले, "बरं. पोरगं ऱ्हातंय न्हवं?"

बैठकीत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. कर्नलसाहेबांनी विचारलं, आप्पा मान खाली घालून "व्हय, मीच" म्हणाले. तिथं संपायचं. पण कर्नलसाहेबांचं आयुष्य या भागातल्या जवानांबरोबर गेलेलं, त्यांना माणसांच्या चालीरीती माहीत. त्यांनी बिरूलाही बोलावून घेतलं होतं. मुलाला खरं-खोटं कळलं पाहिजे, म्हणाले. आणि आप्पांच्या कमरेची पिशवी बघून म्हणाले, "असं नको. बिरोबाचा भंडारा उचल आणि या पोरासमोर सांग."

मला हे अपेक्षित नव्हतं. आप्पांनाही नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते विचारत होते, की सायेब, आता काय करू? खोलीत एवढी माणसं होती, पण ते मलाच विचारत होते.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर काय होतं ते मला आठवत नाही.

आप्पांनी पिशवी सोडली, चिमूट काढली, तळहातावर ठेवली. हळद बोटांमधून फरशीवर सांडत होती. म्हणाले, "बिरूबाच्या नावानं सांगतो, मी लबाड बोललो. सायबांचा ह्यात काय दोस न्हाई."

शेवटचं वाक्य मी पढवलेलं नव्हतं.

बिरू भिंतीला टेकून उभा होता. तो मेंढपाळाचा पोरगा, भंडाऱ्यावर सांगितलेलं काय असतं हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यानं चुलत्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला विचारलं, "सर, मग बाबा कसं गेलं?"

मी सांगितलं. सरळ, चार शब्दांत, सगळ्यांसमोर. चकमक सांगितली नाही, पाठीवरून आणलेली माणसं सांगितली नाहीत. कर्नलसाहेब म्हणाले, "शाब्बास. सत्य कटू असतं बेटा." माझ्याकडंही त्यांनी कौतुकानं पाहिलं. तो फोटो मी त्याच दुपारी उतरवला.

बिरू मे महिन्यापर्यंत राहिला. कुणाशी बोलत नव्हता. गादी पुन्हा ओली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याला घेऊन कळपाकडं निघालो, तर कराडच्या स्टँडवर पाणी प्यायला म्हणून उतरला आणि गर्दीत गेला तो गेलाच. पोलीस झाले, आप्पा गावोगाव हिंडले. जवळजवळ वर्षानं कळलं, विट्याकडच्या एका गलाईवाल्याबरोबर तो दक्षिणेत कुठल्याशा शहरात सोनं गाळायच्या दुकानात कामाला आहे. बारा वर्षांचं पोर तेजाबाच्या वाफेत. आप्पा तिथपर्यंत गेले. बिरूनं दुकानाच्या माडीवरून खाली बघितलं आणि आत गेला. ज्या पोरानं शाळेत राहावं म्हणून त्यांनी देवाची खोटी शपथ घेतली, त्या पोराची शाळा अशी संपली.

त्यानंतर आप्पांनी कपाळाला भंडारा लावला नाही. जत्रेला जात, पण देवळाच्या पायरीपर्यंत. आत पाऊल टाकत नसत. एका वर्षी रोगानं त्यांची निम्मी मेंढरं मेली, तेव्हा भावकीतल्या कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "माजं मला ठावं हाय." हे मला त्यांच्या सुनेनं फार नंतर सांगितलं. काय ठाऊक आहे ते त्यांनी सुनेलाही सांगितलं नव्हतं.

मी निवृत्त झालो, निरोप समारंभ झाला. मुलांच्या मनात सत्याची ज्योत लावणारे रेक्टर, असं कुणीतरी बोललं. इस्लामपूरला मुलाकडं राहायला आलो.

आणि एका दसऱ्याला दारात एक वाळका तरुण उभा. वाकून पाया पडला, आपट्याची पानं हातात दिली. "वळखलं का सर? बिरू." कुपवाडच्या एका ढलाईच्या कारखान्यात लागला होता. बोलताना मध्येच खोकत होता. माझ्या बायकोनं पुरणपोळी वाढली, त्यानं पोटभर खाल्ली. मी घाबरत विचारलं, "माझ्यावर राग नाही ना रे?"

"तुमच्यावर?" तो हसला. "सर, आवं माज्या आयुष्यात एक तुमीच खरं बोलला. चुलत्यानं फशिवलं, त्या भाषनवाल्यानं फशिवलं. तुमी एकट्यानं तोंडावर सांगितलं. म्हून तर आलो."

बायको आतून म्हणाली, "बघा, पोरं विसरत नाहीत." मी ताट उचलून आत नेलं. त्यानंतर तो दर दसऱ्याला येतो. मी दर दसऱ्याला ठरवतो. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन मी खेळवतो, आणि ठरवलेलं पुढच्या दसऱ्यावर टाकतो.

गेल्या वर्षी आप्पांच्या सुनेचा फोन आला. आप्पांना अर्धांगाचा झटका आला होता. सारखे बिरूचं नाव घेतात, म्हणाली. मी कुपवाडला गेलो. जेवणाच्या सुट्टीत बिरू कारखान्याच्या फाटकाबाहेर आला, डबा तसाच हातात.

"तुझे चुलते आता फार दिवसांचे नाहीत. एकदा जाऊन ये."

"न्हाई सर."

"म्हातारा माणूस आहे रे."

"तुमी सांगताय म्हून ऐकलं. दुसऱ्या कुनी सांगितलं आसतं तर डबा टाकून मारला आसता." मग शांतपणे म्हणाला, "सर, तुमी मला सांगा. भंडारा उचलून मानूस कबूल करतो, त्येच्यात काय शंका ऱ्हाती का? तुमी तर हुता तितं."

मी तिथं होतो. फाटकाबाहेर दुचाक्यांच्या रांगेत आम्ही दोघं उभे होतो, आणि त्यानं मला प्रश्न विचारला होता. इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. 'राहते शंका' एवढे दोन शब्द पुरे होते. तो त्याच पावली जतच्या गाडीत बसला असता. पण तो माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता, त्या नजरेनं माझ्याकडं जगात दुसरं कुणी बघत नाही. माझा सख्खा मुलगासुद्धा नाही. ती नजर मला सोडवली नाही. मी म्हणालो, "बघ. तुझी मर्जी."

भोंगा झाला, तो आत गेला.

मी एकटाच जतला गेलो. आप्पा छपरीत बाजेवर होते. डावी बाजू गेलेली, पण बोलत होते. मला पाहून उठायला बघू लागले. सून म्हणाली, "मामा, पडा. सायब हायती, घरचंच हायती." आप्पांनी उजव्या हातानं बाजेवर थापटलं, बसा म्हणून. मी बसलो.

"पोरगं?"

मी म्हणालो, "येतोय, आप्पा. कामाची गडबड आहे. येतोय दोन दिवसांत."

आप्पा म्हणणं मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

ते दोन दिवसांपेक्षा जास्त जगले. पंधरवडाभर वाटेकडं तोंड करून बाज ठेवायला लावत होते, असं सुनेनं सांगितलं. बिरू आला नाही. मातीलाही नाही. त्याला यायला नको वाटलं, कारण त्याला जे माहीत आहे त्यावरून त्याचं बरोबरच आहे.

हा अंक छापून आला की मी तो घेऊन कुपवाडला जाणार आहे. दसऱ्याची वाट बघणार नाही. बिरूला वाचता येतं, तेवढं आम्ही शिकवलं होतं. त्यात लिहिलं आहे ते हे की, तुझा बाप दोन माणसं पाठीवर घेऊन डोंगर उतरला होता आणि त्याला लढाईनंच मारलं. तुझा चुलता खोटं बोलला नव्हता. खोटं मी बोललो होतो. तुझ्या चुलत्यानं देवासमोर खोटं बोलणं मात्र तुझ्यासाठी केलं, आणि माझ्यासाठी. पुढं तो माझ्याशी जे वागेल ते वागेल.

पण आप्पांना हे वाचून दाखवता येणार नाही. त्या दिवशी छपरीत सून चहा ठेवायला आत गेली होती. आम्ही दोघंच होतो. मी त्यांचा चांगला हात हातात घेतला होता. त्याच हातानं त्यांनी भंडारा उचलला होता. मी म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी कमिटीसमोर मी..."

ते माझ्याकडं वळले. "बोला की, सायेब."

मी म्हणालो, "जरा पाणी मिळेल का?"